नदीवरची बांगड्यांची फेरी

परवा धाकट्या सुनेनं मला भिगवणला नेलं आणि बोटीत बसवलं. अंगात ते फुगलेलं नारिंगी जॅकेट, डोक्यावर पदर, त्यावर तिनं तिची टोपी घातलेली. नुसतं ध्यान दिसत होतं. पक्षी बघायचे म्हणे. पक्षी छान होते, मी नाही म्हणत नाही, पण माझं सगळं लक्ष पाण्याकडं. हे पाणी वरच्या अंगाला आमच्या मांडवगणावरून येतं. सुनेला वाटलं सासू घाबरली. "अम्मी, पहिल्यांदाच बसलात ना बोटीत? हात धरू का?" म्हटलं, बाई गं, तुझ्या सासऱ्याचं तोंड बघायच्या आधीपासनं मी होडीत बसतेय, तू माझा काय हात धरतेस! तिला हसू आलं. म्हणाली, सांगा की मग. मी घसा खाकरला, तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि राहिलं ते राहिलंच. कारेगावात आता आमचं घर, लेक रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जातो, सून ऑफिसात. दुपारभर घरात मी आणि पंखा. तेव्हा म्हटलं लिहूनच ठेवावं.

आम्ही मणियार. बांगड्या भरणं हा आमचा धंदा, आजोबांच्याही आधीपासूनचा. मांडवगणात पेठेच्या टोकाला आमचं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागं दोन खोल्या, आणि परसात एक म्हैस, तिचं नाव राणी. आमच्या घरात काचेचा आवाज दिवसभर असायचा. कुणी चालता चालता पेटीला धक्का लावला की किणकिण, मांजर फळीवरून गेली की किणकिण. पाहुणे दचकायचे, आम्हाला तो आवाज बंद झाला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बांगडी फुटली असं आमच्याकडं कुणी म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. लहानपणी माझ्या हातून एकदा अख्खी पेटी पडली तेव्हा अम्मानं आधी पाठीत धपाटा घातला आणि मग म्हणाली, "किती वाढवल्यास गं भवाने!" घरात आम्ही आमच्या दखनीत बोलायचो, पण इथं मी सगळं मराठीतच लिहिते. नातीला दखनी बोलता येत नाही, आणि वाचायचं तर तिनंच.

अब्बा उंच, वाळकेसे, बोलायला अगदी कमी. पण त्यांच्या हातांत काय होतं कुणास ठाऊक! रोज रात्री जेवल्यावर ते हाताला तेल चोळत बसायचे, बोटं मऊ राहिली पाहिजेत म्हणून. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड जरासं आत दाबायचं, दुसऱ्या हातानं बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. बाई तोंड वाकडं करेपर्यंत बांगडी मनगटात बसलेली असायची. ज्या घरातल्या बायका परक्या पुरुषापुढं पदर ढळू द्यायच्या नाहीत, त्याही अब्बांपुढं निवांत हात करून बसायच्या आणि घरातलं सगळं सांगायच्या. सगळ्या गावांचे ते मणियारमामा. बांगड्या भरून झाल्या की बाई, मग ती पाटलाच्या घरची असो नाहीतर शेतमजुराच्या, हात जोडून नमस्कार करायची. अब्बा हात वर करून दुवा द्यायचे. धंद्यातला त्यांचा एकच कायदा होता. कुठल्या बाईनं हाक मारली तर तिचा हात रिकामा ठेवून पुढं जायचं नाही. मग ऊन असो, उशीर असो, तिच्याकडं द्यायला आज काही असो नसो.

संक्रांतीच्या आधी अब्बांची नदीवरची फेरी असायची. पाऊस संपल्यावर बंधाऱ्याला फळ्या घातल्या की भीमेचं पाणी पार वरपर्यंत तुंबायचं, काठोकाठ. अलीकडचा काठ शिरूरचा, पलीकडचा दौंडचा, आणि दोन्ही काठांना गावं. तिथले रस्ते तेव्हा असे की सायकलवर पेटी बांधून नेली तर निम्मा माल वाटेतच वाढायचा. होडीत एकही बांगडी वाढत नसे. गेनूआप्पा भोई अब्बांचे लहानपणचे मित्र. वर्षभर मासे धरायचे, पण त्या एका दिवशी जाळं घरी ठेवून होडी धुऊन, पुसून, तळाला सरमड, म्हणजे बाजरीची वाळली ताटं, अंथरून आमची वाट बघायचे. अब्बा बांगड्यांची मलारं, म्हणजे दोरीत ओवलेले जुडगे, त्या सरमडात एकेक करून निजवायचे. लेकरू निजवावं तसं. दहावी होऊन मी घरी बसल्यापासून मलाही बरोबर न्यायला लागले, कारण लहान पोरींचे हात मी भरायची आणि मापं काढून द्यायची.

ज्या फेरीबद्दल मी सांगतेय त्या वर्षी मात्र घरात आनंद नव्हता. माझी मोठी बहीण जैनब, आमची आपा, तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. पलीकडच्या काठाला, नदीवरच्याच एका गावात दिली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, आपाचे दीर अजून तिथंच आहेत आणि त्यांना वाचायची हौस आहे. घर शेतीवालं, ऊस, बैल, ट्रॅक्टर. नवरा युसुफभाई सोन्यासारखा माणूस, पण आईपुढं तोंड उघडायची छाती नव्हती. आई, हलीमाबी. अंगानं भरभक्कम, आवाज असा की शेताच्या या बांधावरून बोलली तर त्या बांधावरचा गडी ताठ उभा राहावा. लग्नानंतर पहिल्या ईदीला अब्बा आपाला आणायला गेले. नवे कपडे, शीरखुर्म्याचं सामान, सगळं घेऊन. हलीमाबीनं त्यांना दारातच सांगितलं, "पोरीला आता धाडत न्हाई." कारण विचारलं तर म्हणाली, "तुमचं तुम्हाला ठावं." अब्बांना काहीच ठावं नव्हतं. ते तसेच उन्हात परत आले, पिशवी अम्मापुढं ठेवली आणि म्हणाले, आता ती लोकं आपणहून बोलावतील तरच मी त्या गावात पाय ठेवीन. अब्बा शब्दाचे फार पक्के. अशा माणसाबरोबर घरात राहणं सोपं नसतं हे मी आज सांगू शकते, तेव्हा आमची कुणाची टाप नव्हती.

दीड वर्षात आपा एकदाही आली नाही. अम्मा भाकरी थापताना मधेच थांबायची. मी म्हणायची, "अम्मा, तवा जळतोय," तर म्हणायची, "जळू दे." आणि फेरीच्या थोडं आधी गेनूआप्पांच्या बायकोकडून निरोप आला की जैनबला दिवस गेलेत, पाचवा लागलाय. अम्मा त्या दिवशी जेवली नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमच्याकडची रीत. हिंदूंच्यात तीच, आमच्यातही तीच. पण न्यायला कुणी गेलं तर पाहिजे! अब्बा जाणार नाहीत, तिकडून कुणी धाडणार नाही, आणि पोरगी मधल्यामधे. फेरीच्या पहाटे मी चुलीपाशी डबा बांधत होते तेव्हा अम्मानं माझं मनगट घट्ट धरलं. "तिच्या गावावरून होडी जाते. कसंही कर, पण जैनबला बघून ये. माझी पोरगी तिथं पहिल्यांदा बाळंत झाली आणि मी जवळ नसले, तर मी तुझ्या बापाला जन्मभर माफ करणार नाही." अम्मा कधी असं बोलायची नाही. मी मान डोलावली आणि डबा उचलला.

निघालो तेव्हा पाण्यावरून वाफा निघत होत्या. थंडी मरणाची. गेनूआप्पा बांबूनं होडी रेटायचे, काठाकाठानं, आणि मधे खोल पाणी आलं की वल्ही मारायचे. दोन्ही काठांना पाण्याच्या मोटारींची घरघर, उसात कोयत्यांचा खाडखाड आवाज, तोडकऱ्यांच्या कोप्यांवर धूर. जलपर्णीचा एक पट्टा आडवा आला तेव्हा आप्पांनी पुण्याच्या लोकांना दोन शिव्या हासडल्या. सगळी घाण हितं पाठवत्यात आन् वर इचारत्यात मासा महाग का! मग अब्बांकडं तिरकं बघत म्हणाले, "सुलेमान, त्या गावाला होडी लावायची का यंदा?"

"नाही. सरळ पुढं काढ."

"पोर हाय रं तुझी तिथं."

"गेनू, होडी हाक."

आप्पांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, पण मला हसू आलं नाही.

पहिल्या गावाला होडी लागायच्या आधीच बायका घाटावर जमलेल्या. कुणीतरी लांबून बघितलेलं असायचं. "मणियारमामा आलंऽऽ" अशी हाक उसातून पार गावात जायची. मग धुणी तशीच टाकून बायका मांडी घालून बसायच्या आणि ह्या रंगावरून त्या रंगावर भांडणं. "मला त्या हिरव्या नगात जरा सोनेरी ठिपका असलेल्या द्या." "हिला नका देऊ मामा, हिच्या हातात बांगड्या लगीलगी वाढत्यात." हसणं, खिदळणं. एक नवी सून लाजून हातच पुढं करेना, तर तिच्या सासूनंच तिचा हात ओढून अब्बांच्या हातात दिला, "तुझ्या बापाच्या वयाचे हायेत, लाजती काय!" दुसऱ्या गावाला हुरडा चालला होता. आगटीपाशी बसवून त्यांनी आम्हाला गरम हुरडा चोळून दिला, बरोबर लसणाची चटणी आणि खडीसाखर. मी आमचा डबा उघडला, अम्मानं दिलेली अंड्याची पोळी आणि बाजरीची भाकरी, ती त्यांच्या पोरांनी संपवली. एरवी हा दिवस मला वर्षातला सगळ्यात आवडता. त्या दिवशी मात्र प्रत्येक वळण आलं की मी मनात म्हणायची, आता पुढचं तिचं गाव, आता पुढचं.

आणि ते आलं. उंच दरड, वर लिंबाचं मोठं झाड, खाली दगडी घाट. अब्बांनी तोंड अलीकडच्या काठाकडं फिरवलं. गेनूआप्पा हळू, फारच हळू वल्हं मारत होते, हे मला कळत होतं आणि अब्बांनाही कळत असणार. घाटावर चारदोन बायका धुणं धूत होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ मणियारमामाऽऽ! आमचं गाव काय पाण्यात गेलं व्हय? तसंच निघालाय!"

अब्बा खाली वाकून मलारं सारखी करत बसले.

"मागच्या वर्सी बी आला न्हाई. संक्रांतीला काय उसाची चिपाडं घालायची का हातात?"

गेनूआप्पांनी वल्हं उचललं ते खाली घातलंच नाही. होडी पाण्यावर नुसती उभी. मी अब्बांकडं बघत होते. हाक मारलेल्या बाईचा हात रिकामा ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा, आणि आता तोच त्यांच्या गळ्याशी आलेला. मागच्या वर्षी मी तापानं घरी होते, तेव्हा ते हे गाव रात्र पडल्यावर ओलांडून गेले होते, कुणी हाक मारू नये म्हणून. ते मला नंतर आप्पांनी सांगितलं. शेवटी अब्बा मानही न वळवता म्हणाले, "लाव." आप्पांनी असं जोरात वल्हं मारलं की मी मागं कोलमडले.

लिंबाच्या झाडाखाली अब्बा पोत्यावर बसले, गावाकडं पाठ करून. मी पेट्या उघडल्या. बायका यायला लागल्या. पोरींचे हात भरताना माझे डोळे सारखे वाटेकडं. बराच वेळ झाला आणि मग बायकांचा गलबला एकदम थांबला. वाटेनं हलीमाबी येत होती आणि तिच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन, जड पावलांनी, आमची आपा. तोंड भरलेलं, रंग उजळलेला. मला बघून तिनं ओठ दाताखाली धरले. मी उठणार तोच तिनं डोळ्यांनीच मला बस म्हणून खुणावलं. सासूच्या आधी काही नको, असा त्याचा अर्थ. दीड वर्षात माझी धांदरट आपा असे अर्थ शिकली होती, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

हलीमाबीनं सलाम केला नाही. बायकांनी वाट करून दिली. ती थेट अब्बांपुढं बसली, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात पुढं केले. हातात एक काचेची बांगडी नव्हती. सोन्याच्या पाटल्या होत्या, पण काच नाही. नवरा जिता असलेली बाई आणि असे हात! जमलेल्या बायकांना ते ठाऊक असावं, कारण कुणालाच नवल वाटलं नाही. अब्बांचं तोंड मात्र पांढरं पडलं.

"घरचे सगळे खुशाल हायेत ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"समदे खुशाल हायेत. माझं मालक दणदणीत हायेत, आत्ता बी ऊस भरत्यात. हात तेवढे तुम्ही मोकळे ठेवलेत."

"मी?"

"मग कोण? लग्नात साऱ्या वऱ्हाडाला भरल्या. माझ्या जावंला भरल्या, नणंदंला भरल्या, ट्रॅक्टरवाल्याच्या बायकूला बी भरल्या. आन् मी पोराची आई, हात धुऊन, बाह्या सारून बसलेली. तुम्ही लेकीचा चुडा भरला आन् उठून गेला ते आलाच न्हाई. मणियाराच्या घरची सोयरीक केली आन् मणियाराच्याच दारातनं मी रिकाम्या हातानं आले. जावा अजून हसत्यात मला." तिचा मोठा आवाज बोलता बोलता बारीक झाला. "हातातल्या होत्या त्या वाढत गेल्या. मी म्हणलं, भरीन तर ह्याच माणसाच्या हातनं. न्हाई तर नगंच."

अब्बा नुसते त्या हातांकडं बघत राहिले. कायदा त्यांचा, आणि ज्या एका बाईला विसरायला नको होतं तिलाच ते विसरले होते. असं काही मणियाराच्याच हातून होणार, दुसऱ्याच्या नाही. पण त्यांनी तोंड उघडून एक शब्द सांगावा की नाही? ते सांगणार नव्हते. मला राहवेना.

"चाची, अब्बा रडायला गेले होते हो."

"ए, गप बस," अब्बा म्हणाले.

"का गप बसू? चाची, आपाचा चुडा भरला आणि ह्यांना रडू आलं. परसात राणीच्या गव्हाणीमागं जाऊन बसले होते, म्हशीच्या अंगावर डोकं टेकून. अम्मानं शेवटी हाताला धरून आणलं, तोवर तुमचं वऱ्हाड ट्रॉलीत चढलं होतं. तुमच्या भरायच्या राहिल्या हे आजपर्यंत आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. ईदीला तुम्ही दारातनं परत लावलंत, तेव्हापासून घरात कुणी नीट जेवत नाही."

मागं आपा रडायला लागली होती. बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. हलीमाबी अब्बांकडं बघत होती.

"मग सांगायचं न्हाई व्हय तवाच? मी आपली दीड वरीस धरून बसले."

"विहीणबाई," अब्बा खाली बघत म्हणाले, "बाप रडला हे कुणी सांगत बसतं का."

मग त्यांनी तेलाची बाटली मागितली. पेटीत वरवरचा माल होता, त्यात हात घातला नाही. होडीतून खालची, सरमडातली मलारं आणायला लावली. हिरव्या, भरदार, त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या. हलीमाबीचे हात रानात काम केलेले, रुंद, हाडं निबर. एकेक बांगडी वर न्यायला वेळ लागत होता. अब्बांच्या कपाळाला घाम आला. एक बांगडी अर्ध्यात अडकली, हलीमाबी कळवळली आणि हात मागं घेणार तेवढ्यात अब्बा म्हणाले, "ओढू नका. दमानं. मी हाय." ती तशीच, बांगडी अर्धी चढलेली, हात अब्बांच्या हातात, आणि म्हणाली, "भाऊ, ईदीला तुम्ही उन्हाचं आला होता. मी पाणी सुदिक इचारलं न्हाई. त्याची मला रातरात झोप न्हाई." अब्बांनी मान हलवली, आणि बांगडी वर गेली.

दोन्ही हात भरले. हलीमाबीनं ते उचलून एकदा वाजवून बघितले, आणि मग वाकून अब्बांना सलाम केला. अब्बांनी हात वर करून दुवा दिली.

"आता मागा," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हंजी? पोरीला पाचवा लागलाय. का ते बी विहिणीनंच आपल्या तोंडानं म्हणायचं?"

"पहिलं बाळंतपण..." अब्बा म्हणाले आणि अडकले.

"माहेरीच! मी कवा न्हाई म्हणले? मागायलाच कुणी आलं न्हाई!" आता तिचा मूळचा आवाज परत आला होता. "जैनब, जा, लुगडी घे तुझी. बापाच्या होडीतनं जा आजच. पुन्हा ह्यांना काय इसरायला नगं."

मी उठून आपाला मिठी मारली. ती हुंदके देत होती आणि हसत होती, आणि माझ्या कानात एवढंच म्हणाली, "अम्मा कशी आहे गं?"

पण गाडं इथं अडलं. गेनूआप्पा घाटावरून ओरडले, "थांबा, थांबा! पोटुशी बाई मी नदीपार नेत न्हाई." आणि ते हटूनच बसले. गरवार बाईनं नदी ओलांडायची नाही, त्यांच्या बापानं कधी नेली नाही, ते नेणार नाहीत. पुलावरून न्यावी तर पूलही त्याच नदीवर, आणि वाटेत खड्डे, उसाच्या ट्रॉल्या, ट्रकचे हादरे. मी आप्पांना म्हटलं, "अहो आप्पा, तुम्हीच तर सकाळी..." तर म्हणाले, "ते बघायला म्हणलं व्हतं पोरी, न्यायला न्हवं." इतका राग आला मला! हातातोंडाशी आलेलं सगळं जात होतं. अब्बा खाली बसले. तेव्हा मघाची ती कमरेवर हात ठेवणारी बाई म्हणाली, "लेकुरवाळी, घरातली थोरली बाई शेजारी बसली, तिनं आधी नदीची ओटी भरली आन् पार होईस्तवर हिचा हात सोडला न्हाई, तर चालतं की. माझी आज्जी अशीच आली व्हती." गेनूआप्पांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "तसं असंल तर माझी ना न्हाई. पर थोरली कोण हाय तुमच्यात?"

सगळ्यांनी हलीमाबीकडं बघितलं. आणि सगळ्या हसायला लागल्या. मला कळेना का. आपानं हळूच सांगितलं, चाळीस वर्षं ही बाई नदीकाठाला राहतेय पण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरलेली नाही. पाण्याला भिते. हलीमाबीनं सगळ्यांकडं एकदा डोळे वटारून बघितलं.

"दात काय काढताय? मला काय मरण आलंय का? आणा ज्वारी."

पसाभर ज्वारी आणि गुळाचा खडा घेऊन ती पहिल्या पायरीवर उभी राहिली. पाण्याला हात लावला आणि म्हणाली, "नदीमाय, ही बी माझी आन् हिच्या पोटातलं बी माझंच. दोघं तुझ्यावरनं जात्यात. नीट जाऊ दे." मग डोळे गच्च मिटून होडीत चढली. घरच्या चपलांवर, अंगावरचं लुगडंसुद्धा बदललं नाही. मागनं कुणीतरी ओरडलं, "युसुफला काय सांगू?" तर डोळे न उघडताच म्हणाली, "सांग, आई माहेराला गेली."

परतीला ऊन उतरलं होतं. होडीत आम्ही पाच माणसं, बांगड्या आता थोड्या राहिलेल्या. हलीमाबी एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं आपाचा हात धरून बसलेली, होडी जरा डुलली की "या अल्ला" म्हणायची. अब्बांनी आपाचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. मला म्हणाले, एक माप वरचं दे, हाताला सूज आहे. मी दिलं. मी कितीतरी वेळा त्यांना हात भरताना बघितलंय, पण इतक्या हळू बांगडी भरताना कधीच नाही. आपा दुसरीकडं तोंड करून बसली होती. अब्बा ह्या वेळी उठून कुठं जाणार, चारी बाजूला पाणी! डोळे गळत होते आणि ते भरत होते, सगळ्यांदेखत. गेनूआप्पा आभाळाकडं बघून वल्हं मारत होते.

आमच्या घाटाला लागलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. अम्मा घाटावर उभी होती. दुपारपासून उभी होती असं नंतर शेजारणीनं सांगितलं. होडीत माणसं जास्त दिसताच ती तशीच साडीनिशी पाण्यात आली, गुडघाभर, मांडीभर. आपा होडीत उठून उभी राहायला लागली, हलीमाबीनं तिला खाली ओढलं, "बस गं, पडशील." अम्मानं होडीची कड धरली, आपाकडं बघितलं, तिच्या पोटाकडं बघितलं, आणि मग हलीमाबीकडं, तिच्या त्या भरलेल्या हातांकडं. काय झालं असेल ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजही मला कळत नाही तिला कसं कळलं. तिनं हात पुढं करून हलीमाबीला होडीतून उतरवलं, आधार देत घाटावर नेलं, आणि तिला गळ्याशी धरलं.

आपा होडीतूनच रडत ओरडली, "अम्मा! मी हाय की इथं! माझ्याकडं बघ तरी!"

"तू घरचीच आहेस," अम्मा हलीमाबीला न सोडताच म्हणाली. "लग्नात ह्या आल्या त्या वऱ्हाड म्हणून. घरी आज आल्यात. आधी ह्यांना घेऊ दे."

आणि हलीमाबी, जिच्या आवाजाला शेतातले गडी टरकायचे ती बाई, अम्माच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागली.